ओपिऑइडचं व्यसन आणि मेंदूचं आरोग्य: घाईपोटी होणाऱ्या या चुका टाळा

गर्द असो, अफू असो, की कधी काळी डॉक्टरांनीच दुखण्यावर लिहून दिलेल्या गोळ्या असोत, ही सगळी ओपिऑइड, आणि त्यांच्या व्यसनावर उपचाराला आलेल्या माणसाच्या घरचे एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात: "हा पूर्ण बरा कधी होणार?" प्रश्न रास्त आहे. वर्षानुवर्षं कर्जं, भांडणं आणि जागरणं सोसलेल्या घराला निकाल लवकर हवा असतो. पण याच घाईने उपचारांचं सर्वांत जास्त नुकसान होतं. हेरॉइन, म्हणजे गर्द, बंद केल्यावर होणारा त्रास, ज्याला टर्की म्हणतात, साधारण ८ ते २४ तासांत सुरू होतो आणि ४ ते १० दिवसांत ओसरतो. स्मरणशक्ती, एकाग्रता, झोप आणि भावनांवरचा ताबा यांना मात्र कित्येक महिने लागतात. या महिन्यांत घरचे, रुग्ण स्वतः आणि कधी कधी उपचार करणारेही कुठे चुकतात, ते पाहू.

विसरण्याला खोटेपणा समजणं

"काल तुझ्यासमोरच ठरलं ना? आज म्हणतोस, कधी ठरलं?" असे वाद या घरांत रोज होतात. व्यसनाच्या काळात माणूस खरोखर खोटं बोललेला असतो, त्यामुळे आताचं विसरणंही नाटक वाटतं. दीर्घकाळ ओपिऑइड घेतलेल्या लोकांवर झालेल्या अभ्यासांचं एक एकत्रित विश्लेषण २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात तीन गोष्टी ठळकपणे दिसल्या. ऐकलेली माहिती थोडा वेळ डोक्यात धरून तिच्यावर विचार करणं जड जातं. जोखीम न तोलता निर्णय घेतले जातात. आणि एका विचारावरून दुसऱ्यावर वळताना मेंदू अडखळतो.

रोजच्या जगण्यात हे असं दिसतं: तीन कामं सांगितली तर पहिलंच होतं, उरलेली दोन डोक्यातून निघून जातात. फॉर्म भरायला घेतला की अर्ध्यावर राहतो. बोलताना नेमका शब्द सापडत नाही. क्लिनिकची तारीख चुकते आणि "याला बरं व्हायचंच नाही" असा शिक्का बसतो. हा शिक्का फार वाईट. एकदा बसला की रुग्णही त्यावर विश्वास ठेवू लागतो.

यावर उपाय साधे आहेत आणि ते लाजायचे नाहीत. एका वेळी एकच काम सांगा, तेही लिहून. औषधासाठी मोबाइलवर गजर लावा. क्लिनिकची भेट दर वेळी त्याच वारी, त्याच वेळी मिळते का ते विचारा. समुपदेशकांनी पहिल्या काही आठवड्यांत तासभर व्याख्यान देऊ नये, त्यातलं फारसं काही उरत नाही. वीस मिनिटं बोलावं, एकच मुद्दा घ्यावा आणि "आज काय ठरलं, तुमच्या शब्दांत सांगा" असं विचारून थांबावं.

"पाच वर्षांनी तुझं काय होईल, याचा विचार कर" हा घरच्यांचा आवडता युक्तिवादही याच कारणाने वाया जातो. १९९७ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात ओपिऑइडवर अवलंबून असलेल्यांना आणि व्यसन नसलेल्यांना आत्ताची छोटी रक्कम आणि नंतरची मोठी रक्कम यांतून निवड करायला सांगितलं होतं. व्यसन असलेल्यांच्या लेखी उशिरा मिळणाऱ्या पैशाची किंमत फार झपाट्याने घसरत होती. त्यांच्यासाठी दूरचं भविष्य इतकं फिकट झालेलं असतं की त्याची भीती घालून आजचं वागणं बदलत नाही. जवळचं, लगेच मिळणारं बक्षीस मात्र काम करतं. लघवीची तपासणी स्वच्छ आली की त्याच दिवशी छोटं बक्षीस, ही पद्धत अनेक देशांतल्या उपचार केंद्रांत वापरली जाते आणि ती चांगली टिकलेली पद्धत आहे. घरी पैसे हातात देण्याऐवजी आवडीचं काहीतरी, त्याच दिवशी, ठरल्याप्रमाणे द्यावं.

म्हणून प्रत्येक खोटं पोटात घालायचं असं मुळीच नाही. पैसे गायब झाले तर तसं स्पष्ट बोला. फक्त विसरणं आणि फसवणं यांना एकाच शिक्षेत बसवू नका.

चाचणी चुकीच्या वेळी करणं

विस्मरणाची काळजी वाटली की कुणीतरी पहिल्याच आठवड्यात बौद्धिक क्षमतेची चाचणी करून घेतं. मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट ही ३० गुणांची, दहाएक मिनिटांत होणारी चाचणी यासाठी बरेच ठिकाणी वापरतात. २६ किंवा जास्त गुण आले तर ते सर्वसाधारण मानले जातात. पण जो तीन रात्री झोपलेला नाही, ज्याचे पाय थरथरताहेत, ज्याला जांभया आणि जुलाब थांबू देत नाहीत, त्याचे गुण कमी येणारच. नुकताच डोस घेऊन पेंगणाऱ्याचेही तसेच. औषधाचा डोस स्थिरावू द्या, झोप थोडी लागू द्या, मग चाचणी करा आणि काही महिन्यांनी पुन्हा करा. एका आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधला फरक जास्त सांगून जातो. शिक्षण कमी झालेलं असेल किंवा चाचणी परक्या भाषेत घेतली असेल तर गुण उगीच कमी दिसतात, हेही ध्यानात ठेवा.

उलट बाजूची चूकही होते: चाचणी कधीच न करणं. सहा महिने उपचार नीट चालू आहेत, नशा नाही, तरी विस्मरण तसंच असेल किंवा वाढत असेल, तर ते व्यसनाच्या खात्यावर टाकून मोकळं होऊ नका. थायरॉइड, बी-१२ आणि थायमिनची कमतरता, दारू, एचआयव्ही, हिपॅटायटिस सी, जुनी डोक्याची दुखापत यांपैकी काही ना काही सापडू शकतं, आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत. दीर्घकाळच्या ओपिऑइडने टेस्टोस्टेरॉन कमी होतं, बायकांची पाळी अनियमित होते. त्यातून येणारा थकवा, उदासी आणि लैंगिक इच्छा कमी होणं याला आळस म्हटलं जातं. रक्ताची साधी तपासणी बऱ्याचदा वर्षभर कुणी सुचवतच नाही.

ओव्हरडोसमधून वाचला, म्हणजे सुटला असं धरणं

या मुद्द्यावर मला जास्त थांबायचं आहे, कारण इथे फार दुर्लक्ष होतं. ओव्हरडोसमध्ये श्वास मंदावतो आणि मेंदूला ऑक्सिजन कमी पडतो. नव्या आठवणी तयार करणारा हिपोकॅम्पस हा मेंदूचा भाग ऑक्सिजनची तूट फारशी सोसू शकत नाही. माणूस शुद्धीवर येतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, पण त्यानंतरच्या काळात त्याला नवं काही आठवत नाही हे कुणाच्या लक्षात येत नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ ते २०१६ दरम्यान १४ रुग्णांची नोंद झाली. त्यांना अचानक गंभीर विस्मरण झालं होतं आणि स्कॅनमध्ये दोन्ही बाजूंच्या हिपोकॅम्पसला इजा दिसत होती. त्यातल्या बहुतेकांच्या इतिहासात ओपिऑइडचा वापर होता.

आणखी एक प्रकार विरळा आहे, पण माहीत असावा. माणूस ओव्हरडोसमधून पूर्ण सावरल्यासारखा दिसतो आणि काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी पुन्हा बिघडू लागतो. गोंधळतो, गप्प बसून राहतो, चाल बदलते, लघवीवर ताबा राहत नाही. मेंदूतल्या पांढऱ्या पदार्थाला उशिरा झालेली ही इजा असते. घरच्यांना वाटतं, पुन्हा नशा सुरू झाली. म्हणून ओव्हरडोसनंतरच्या महिनाभरात वागण्यात असा बदल दिसला तर जाब विचारण्याआधी न्यूरॉलॉजिस्टकडे न्या आणि ओव्हरडोस किती तारखेला झाला, किती वेळ बेशुद्धी होती, हे सांगा. आजवर किती ओव्हरडोस झाले, ही माहिती मानसोपचारतज्ज्ञालाही हवी असते, पण घरचे लाजेपोटी ती लपवतात.

नैराश्याचं निदान फार लवकर, किंवा कधीच नाही

नशा थांबल्यावरच्या पहिल्या आठवड्यांत उदासी, रडू येणं, धडधड, चिडचिड हे जवळपास सगळ्यांना होतं. बाहेरून आलेल्या ओपिऑइडने वर्षानुवर्षं मेंदूची स्वतःची यंत्रणा दाबून टाकलेली असते. १९७३ मध्ये मेंदूत ओपिऑइडचे रिसेप्टर, म्हणजे ओपिऑइड जिथे जाऊन चिकटतात त्या जागा, सापडले आणि १९७५ मध्ये ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी मेंदूत तयार होणारी एन्केफॅलिन ही नैसर्गिक रसायनं शोधली. आनंद, दिलासा आणि आपल्या माणसांचा जिव्हाळा जाणवायला हीच व्यवस्था लागते. ती मंदावलेली असताना जेवण बेचव लागतं, गाणं कानाआड जातं, मूल येऊन बिलगलं तरी आत काही हलत नाही. "आम्ही इतकं करतो, याला काहीच वाटत नाही" असं घरचे म्हणतात, आणि ते अक्षरशः खरं असतं. वाटण्याची क्षमताच काही काळ हरवलेली असते. ती हळूहळू परत येते.

नशेमुळे किंवा ती सोडल्यामुळे आलेली उदासी साधारण महिनाभरात हलकी व्हायला लागते. त्यानंतरही ती तशीच राहिली तर स्वतंत्र नैराश्याचा विचार करायचा, अशी निदानाची रीत आहे. पण महिना म्हणजे हात बांधून बसण्याची मुदत नव्हे. नशेच्या आधीही असे काळ येऊन गेले असतील, घरात कुणाला नैराश्य किंवा बायपोलर असेल, जगू नये असं वाटत असेल, भास होत असतील, तर तातडीने मानसोपचारतज्ज्ञ हवा. डॉक्टरांना उपयोगी पडणारी सर्वांत साधी गोष्ट म्हणजे कालक्रम. पहिली नशा कोणत्या वर्षी, पहिली उदासी कोणत्या वर्षी, सर्वांत लांब नशामुक्त काळ कोणता आणि त्या काळात मन कसं होतं, हे एका कागदावर मांडून न्या.

"आधी नशा सोड, मग मनाचं बघू" हा सल्ला अजूनही दिला जातो. लहानपणीचे अत्याचार, अपघात, हिंसा यांच्या आठवणी बधिर करण्यासाठी कितीतरी जण ओपिऑइडकडे वळलेले असतात. नशा गेली की त्या आठवणी उघड्या पडतात. दोन्ही उपचार एकत्रच चालायला हवेत.

ट्रामाडॉल हेही ओपिऑइडच. तिच्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तिला साधी वेदनाशामक गोळी समजतात. ती सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावरही काम करते. जास्त मात्रेत फिट येऊ शकते आणि नैराश्याच्या काही औषधांबरोबर ती धोकादायक ठरते. ती अचानक बंद केल्यावर काहींना घबराटीचे झटके, गोंधळ, क्वचित भासही होतात, आणि त्याला वेड लागलं असं म्हटलं जातं. आधी काय घेत होता हे डॉक्टरांना नावानिशी सांगा.

औषध बंद करण्याची घाई

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. तलफ आणि टर्की आवरण्यासाठी डॉक्टर देतात ते बुप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन (हीदेखील ओपिऑइड वर्गातलीच औषधं) सुरू होतं, दोन-तीन महिन्यांत माणूस सुधारतो आणि घरात चर्चा सुरू होते: "एक नशा सोडवून दुसरी लावली. आता हेही बंद करा." रुग्णालाही औषधाची लाज वाटू लागते.

हेरॉइनचा परिणाम काही तास टिकतो, मग टर्की, मग पुन्हा शोध. दिवसातून अनेकदा वर-खाली होणाऱ्या मेंदूला शिकायला, लक्षात ठेवायला, रागावर ताबा ठेवायला उसंत मिळत नाही. योग्य डोसमध्ये या औषधांची पातळी चोवीस तास बरीचशी सारखी राहते. बुप्रेनॉर्फिन तर रिसेप्टरला अंशतःच चालना देतं. मेथाडोनवर उपचार शक्य आहेत हे डोल आणि निस्वांडर यांनी १९६५ मध्ये मांडलं आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये दोन्ही औषधं अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. मेथाडोन घेणाऱ्यांचे काही चाचण्यांतले गुण कधीच व्यसन नसलेल्यांपेक्षा कमी येतात, हे खरं आहे. पण तुमच्या माणसाची तुलना त्याच्या स्वतःच्या नशेतल्या दिवसांशी करा. औषध घेऊन तो पेंगत असेल तर डोस जास्त झालाय का, सोबत झोपेची गोळी किंवा दारू चालू आहे का, हे तपासायला सांगा. औषध तोडण्याचं ते कारण नाही.

अचानक औषध बंद झालं की तलफ परत येते, पण नशा सोसण्याची जुनी ताकद गेलेली असते. पूर्वीची मात्रा आता जीव घेते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांचा ओव्हरडोसने मृत्यूचा धोका सर्वसामान्यांच्या १२९ पट होता. व्यसनमुक्ती केंद्रातून औषधाशिवाय बाहेर पडणाऱ्यासाठीही हेच पहिले आठवडे फार जोखमीचे असतात. किती काळ औषध चालवायचं याला ठरावीक मुदत नाही. कित्येकांना वर्षं लागतात. कमी करायचंच असेल तर रुग्णाच्या इच्छेने, डॉक्टरांच्या देखरेखीत, अतिशय सावकाश, आणि मन व झोप स्थिर असताना.

ओपिऑइडचा परिणाम अडवणाऱ्या नाल्ट्रेक्सोन या औषधाचा मार्ग निवडायचा असेल तर त्याआधी साधारण ७ ते १० दिवस शरीरात ओपिऑइड नसावं लागतं, मेथाडोननंतर त्याहून जास्त. घरच्यांनी गुपचूप जेवणात मिसळून ते देण्याचे प्रकार घडतात. त्यातून अत्यंत तीव्र टर्की ओढवते आणि विश्वास कायमचा तुटतो. असं कधीही करू नका.

झोपेसाठी मिळेल ती गोळी

झोप बिघडणं आठवडे, कधी महिने चालतं, आणि रात्री दोन वाजता जागा असलेला माणूस काहीही गिळायला तयार असतो. अल्प्राझोलम, डायझेपाम या जातीच्या गोळ्या ओपिऑइडबरोबर श्वास मंदावतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये या जोडीबद्दल सर्वांत कडक श्रेणीचा इशारा दिला. शिवाय या गोळ्यांनी स्मरणशक्ती आणखी बिघडते, म्हणजे ज्या तक्रारीने घर हैराण आहे तीच वाढते. त्याच संस्थेने २०१७ मध्ये हेही स्पष्ट केलं की, कुणी अशा गोळ्या घेत असेल म्हणून त्याचं बुप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन रोखू नये. वर्षानुवर्षं घेत असलेली झोपेची गोळी एकदम तोडणंही धोक्याचं आहे, त्याने फिट येऊ शकते. नसांच्या दुखण्यावर देतात त्या प्रीगाबालिन आणि गॅबापेंटिनकडेही निरुपद्रवी म्हणून पाहू नका.

झोपेत श्वास मध्येच थांबतो का, हे शेजारी झोपणाऱ्याने पाहावं. ओपिऑइडने तसं होतं, आणि सकाळचं जड डोकं, दिवसभराची सुस्ती, विसराळूपणा यांचं मूळ तिथे असू शकतं. स्लीप स्टडी या झोपेच्या तपासणीने ते कळतं. एरवी उठण्याची वेळ रोज एकच ठेवणं आणि निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धत यांचा फायदा उशिरा दिसतो, पण तो टिकतो.

इतर औषधांचंही भान हवं. फिटवरची कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन, क्षयावरचं रिफाम्पिसिन ही औषधं मेथाडोनची रक्तातली पातळी खाली आणतात. मग अचानक घाम, बेचैनी, चिडचिड सुरू होते आणि निदान होतं चिंतारोगाचं. मेथाडोनमुळे ईसीजीमधला क्यूटी हा अंतराल वाढू शकतो आणि हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून नवं मानसोपचाराचं औषध लागताना ईसीजीबद्दल विचारा.

मरणाबद्दल विचारायला कचरणं

विचारलं तर तो विचार डोक्यात शिरेल, अशी भीती असते. तसं होत नाही. "जगणं नको वाटतं का? स्वतःचं काही करून घ्यावं असं मनात येतं का?" असं सरळ विचारा, आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा. मागचा ओव्हरडोस चुकून झाला होता की मुद्दाम, हेही विचारा. बऱ्याच जणांना हे कुणी कधी विचारलेलंच नसतं. उत्तर होकारार्थी असेल तर एकटं सोडू नका, औषधं कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

रिलॅप्स (पुन्हा नशा) झाला की सगळंच बंद करणं

एक-दोनदा नशा झाली म्हणून केंद्रातून काढून टाकणं, घराबाहेर काढणं, औषध थांबवणं या गोष्टी नेमक्या सर्वांत धोक्याच्या क्षणी होतात. त्या दिवशी त्याच्या मेंदूला सर्वांत जास्त आधार हवा असतो. डोस अपुरा होता का, झोप गेली होती का, उदासी वाढली होती का, कुठलं नवं औषध सुरू झालं होतं, कोण भेटलं होतं, हे शांतपणे मागे जाऊन पाहा. पुढच्या भेटीपर्यंत थांबू नका, क्लिनिकला फोन करा.

ओव्हरडोसचा परिणाम उलटवणारं नालॉक्सोन हे औषध मिळत असेल तर घरात ठेवा आणि वापरायला शिका. श्वास अगदी सावकाश, ओठ निळसर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, हाक मारून उठत नाही, घशातून घरघर, ही ओव्हरडोसची लक्षणं. लगेच रुग्णवाहिका बोलवा, नालॉक्सोन द्या, श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, आणि श्वास थांबलेला असेल तर कृत्रिम श्वास द्या. नालॉक्सोनचा परिणाम साधारण ३० ते ९० मिनिटं टिकतो. लांब टिकणारं ओपिऑइड असेल तर माणूस त्यानंतर पुन्हा बेशुद्ध होऊ शकतो. तो उठून "मला काही झालं नाही" म्हणाला, चिडला, तरी दवाखान्यात न्या आणि काही तास त्याच्याजवळ राहा.